लेकीला ‘भारतीय की ख्रिस्ती’ यातून निवडायला लावू नका

पत्र

ताई, प्रभूच्या नावाने सलाम. आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले, पाच पिढ्यांचे ख्रिस्ती. लग्नानंतर न्यू जर्सीत आलो, एडिसनजवळ राहतो. मुलगी पंधरा वर्षांची, जन्म इथलाच, गिटार वाजवते. आम्ही जातो ती मंडळी (चर्च) बहुतेक गोऱ्या लोकांची आहे, माणसं प्रेमळ आहेत. शिवाय महिन्यातून एकदा इथली मराठी कुटुंबं जमून मराठी उपासना करतो. मागे तरुण संघात तिला सगळ्यांपुढे उभं करून विचारलं, ‘तुझ्या घरच्यांनी हिंदू धर्म कधी सोडला, ते कसं घडलं, सांग.’ तिला काही सांगता येईना. शाळेतल्या भारतीय मैत्रिणी म्हणतात, ‘तू ख्रिश्चन, म्हणजे खरी इंडियन नाहीस.’ दिवाळीच्या नाचातून तिला न विचारताच वगळलं. त्या रात्री ती म्हणाली, ‘मी दोन्हींपैकी एकच काहीतरी होते. दोन्ही होऊन दमायला होतं.’ आता मराठी उपासनेला यायचं नाही म्हणते. ह्यांचं म्हणणं, ख्रिस्तात यहूदी (ज्यू) नाही नि हेल्लेणी (ग्रीक) नाही, तिच्या डोक्यात देश-रंगाचं खूळ भरू नकोस. आणि परवा तिने जेवताना विचारलं, ‘ख्रिस्ती व्हायच्या आधी आपली जात कोणती होती?’ हे ताटावरून उठून गेले. मी काय करू? मंडळी बदलू? तिला जबरदस्तीने मराठी उपासनेला नेऊ? – एक आई

उत्तर

ताई, सलाम.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. तरुण संघात विचारलं तेव्हा ‘तिला काही सांगता येईना.’ लेक दमली आहे ती इथे. तिचा विश्वास डळमळलाय असं तुमच्या पत्रात कुठे दिसत नाही, भारताचा तिला कंटाळा आलाय असंही दिसत नाही. दोन ठिकाणी तिच्याकडे पुरावा मागितला गेला आणि तिच्या हातात काहीच नव्हतं. तो तिच्या हाती देणं हे तुमचं आणि तिच्या बाबांचं काम. मंडळी बदलायची की नाही, हे त्यानंतरचं.

तरुण संघाचे पुढारी आणि शाळेतल्या मैत्रिणी एकमेकांना ओळखतही नसतील, पण दोघांची समजूत एकच आहे: भारतीय म्हटला की हिंदू आणि ख्रिस्ती म्हटला की गोरा. ही समजूत चुकीची आहे आणि ती चुकीची आहे हे तारखांनिशी दाखवता येतं. पंधरा वर्षांच्या मुलीला तारखा फार उपयोगी पडतात. ‘आपल्याला आपला वारसा आहे, बाळा’ असं म्हटलं तर ती मान डोलावून खोलीत निघून जाईल. त्यापेक्षा तिला पुढचं सांगा.

अमेरिकेत प्रत्येक शाळकरी मुलाला १६२० साल पाठ असतं, इंग्रज वसाहतवाल्यांना घेऊन मेफ्लॉवर जहाज प्लिमथला आलं ते. त्याच्या चार वर्षं आधी, १६१६ साली, गोव्यात राचोलला फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापून निघालं होतं. मराठीत, ओवीछंदात, दहा हजारांहून जास्त ओव्या. ते स्वतः इंग्रज होते, पण ख्रिस्ताची कथा सांगायला त्यांनी ज्ञानेश्वर-एकनाथांच्या वळणाची ओवी घेतली, कारण ऐकणाऱ्यांच्या कानाला तीच सवय होती. म्हणजे प्लिमथला गोऱ्यांची वसाहत व्हायच्या आधी आपल्या भाषेत ख्रिस्ताची कथा गायली जात होती. केरळातले सुरियानी ख्रिस्ती तर आपली परंपरा थेट थोमा प्रेषितापासून, इसवी सन ५२ पासून सांगतात. ती परंपरा बाजूला ठेवली, तरी युरोपातले कितीतरी देश ख्रिस्ती व्हायच्या आधीपासून तिथे मंडळ्या होत्या, याबद्दल इतिहासकारांना शंका नाही.

आता नगरची गोष्ट. तरुण संघाच्या पुढाऱ्यांनाही ती ठाऊक नसावी, आणि ती जितकी तुमची आहे तितकीच त्यांचीही आहे. १८०६ साली मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजची काही मुलं वादळात गवताच्या गंजीच्या आडोशाला प्रार्थनेला बसली होती. तिथल्या बोलण्यातून पुढे १८१० साली अमेरिकन बोर्ड ही परदेशात मिशनरी पाठवणारी संस्था निघाली. तिने परदेशात पहिलं ठाणं मांडलं ते मुंबईत, १८१३ साली. हॉल आणि नॉट हे दोघे तिथे उतरले, आणि त्या कामाला नाव पडलं अमेरिकन मराठी मिशन. नगरला हे मिशन १८३१ मध्ये पोचलं. ज्ञानोदय हे नियतकालिक तिथेच १८४२ साली सुरू झालं. न्यू हॅम्पशायरच्या मिस सिंथिया फॅरार नगरला मुलींच्या शाळा चालवत. जोतीराव फुल्यांनी त्यांची शाळा बघितली आणि पुण्यात मुलींची शाळा काढली, ती १८४८ साली. मिस फॅरार नगरलाच वारल्या. एवढं सगळं ज्या गावात घडलं, त्या गावच्या मुलीला न्यू जर्सीत कुणी ‘तुम्ही नवीन का?’ असं विचारावं, आणि तिला उत्तर येऊ नये, याचं मला फार वाईट वाटतं.

हा इतिहास तिला एका दमात ऐकवू नका. गाडीत, भांडी आवरताना, एकेक गोष्ट सांगा. आणि त्याहून चांगलं म्हणजे तुमच्या घरचं जुनं पवित्र शास्त्र (बायबल) मागवून घ्या. सासरी किंवा माहेरी, कुणाच्या तरी ट्रंकेत ते नक्की असेल. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या घरांत त्याच्या आतल्या कोऱ्या पानावर नोंदी असतात: अमक्याचा जन्म, बाप्तिस्मा, पाळकसाहेबांचं नाव, कुणाचं लग्न कोणत्या मंडळीत लागलं, कुणाला प्रभूने कधी नेलं. शाई बदलत जाते, अक्षर बदलत जातं, मोडीवळणाच्या अक्षरानंतर शाळेतलं गोल अक्षर येतं. आजीला व्हिडिओ कॉलवर ते पान कॅमेऱ्यापुढे धरायला सांगा आणि लेकीलाच ते वाचून काढू द्या. मराठी अडखळत वाचेल. अडखळू द्या. पाच पिढ्या म्हणजे काय, हे तिला त्या पानावर बोट ठेवून कळेल.

आता जेवणाच्या ताटावरचा प्रश्न. इथे मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण माझ्या मते सगळ्या पत्राचा गाभा तिथे आहे.

तुमच्या घराण्याची जात कोणती हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि मी विचारत नाही. पण नगर जिल्ह्यातल्या मंडळ्या कुणी उभ्या केल्या हे आपल्याला ठाऊक आहे. बहुतेक माणसं महार आणि मांग समाजातली होती. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर गावंच्या गावं मंडळीत आली. त्यांना गावाच्या विहिरीवर पाणी नव्हतं, देवळात पाऊल ठेवता येत नव्हतं, पोरांना शाळेच्या ओट्यावरही जागा नव्हती. मंडळीत ती माणसं बाकावर बसली, वाचायला शिकली, पोरी मास्तरणी झाल्या, नर्स झाल्या. हे सांगायला लाज कसली? आणि तरी आपण सांगत नाही. ख्रिस्ती मराठी इतिहास सांगायची वेळ आली की आपण दोनच नावं पुढे करतो, रेव्हरंड टिळक आणि पंडिता रमाबाई. दोघेही थोर, दोघांबद्दल मी खाली लिहिणारच आहे, पण दोघेही जन्माने ब्राह्मण. तुमच्या लेकीला फक्त तेवढे दोघेच दिलेत, तर तिच्या स्वतःच्या पणजोबांना आपण पुन्हा एकदा गावाबाहेर ठेवलं असं होईल.

जात लपवण्यामागे कारणं आहेत हेही तिला सांगा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती आणि मुसलमानांना नाही. त्यामुळे कित्येक घरांत कागदावर एक आणि रविवारी दुसरं असं जगावं लागलं. आणि मंडळीतही सगळं धुऊन निघालं असं नाही. लग्न जुळवताना आजही आवाज खाली घेऊन ‘आपल्यातलेच आहेत ना?’ असं विचारणारी माणसं आपण पाहतो. लेक हुशार आहे, ती आज ना उद्या हे शोधणारच. फोनवर कुणा परक्याने लिहिलेलं ‘हे सगळे पोटासाठी बाटले’ हे वाक्य तिच्या डोळ्यांपुढे यायच्या आधी तिने ते तुमच्याकडून ऐकलेलं असावं, उत्तरासकट. उत्तर असं: भूक होती, अपमान होता आणि विश्वासही होता, हे तिन्ही एकाच माणसाच्या एकाच आयुष्यात होतं. उपाशी माणसाचा विश्वास खोटा असतो असं म्हणायचा अधिकार पोट भरलेल्या माणसाला कुणी दिला? आणि नुसत्या पोटासाठी आलेली माणसं दुष्काळ सरल्यावर पाच पिढ्या टिकत नाहीत.

तिच्याच वयाच्या एका मुलीचं लेखन तिला वाचायला द्या. मुक्ता साळवे. पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली, जेमतेम किशोरवयातली मुलगी. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली छापून आला, आणि तो छापला नगरला सुरू झालेल्या त्याच ज्ञानोदयने. मुक्ता ख्रिस्ती नव्हती. ती देवालाच विचारते आहे की वेदांवर आमचा अधिकार नाही, तर आमचा धर्म कोणता ते तूच आम्हाला सांग. तुमच्या लेकीने जेवताना जे विचारलं, त्याच्या अगदी जवळचा प्रश्न पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका शाळकरी मुलीने उघडपणे, छापील कागदावर विचारला होता. इंग्रजी भाषांतर मिळतं. पण मूळ मराठी तुम्ही तिला मोठ्याने वाचून दाखवलंत तर जास्त बरं.

एक सावधगिरी. जाणून घेणं वेगळं आणि जाहीर करणं वेगळं. जात सांगितल्यावर अमेरिकेतल्या भारतीयांच्या गोतावळ्यातही वागणूक बदलते; उगाच नाही सिअ‍ॅटल शहराने २०२३ साली जातीवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध कायदा केला. म्हणून तिला सांगा की ही माहिती तिच्या मालकीची आहे. कुणाला सांगायची, कधी सांगायची, सांगायची की नाही, ते तिने ठरवावं. तुम्ही तिला लपवायला शिकवताय असं मात्र तिला वाटता कामा नये. हे तुमच्या बोलण्याच्या सुरावरून तिला कळेल. मान वर करून सांगा.

आता तुमच्या यजमानांविषयी. त्यांना लेकीसमोर खोडून काढू नका. ‘ख्रिस्तात यहूदी नाही नि हेल्लेणी नाही’ हे वचन त्यांना इतकं प्रिय का असेल, याचा विचार करा. ज्या मुलाला वर्गात जातीवरून हाक मारली गेली असेल, त्याला असं वचन मिळालं तर तो ते घट्ट धरून ठेवतो. ताटावरून उठून गेलेला माणूस बहुधा रागाने उठलेला नसतो. रात्री लेक झोपल्यावर, दोघंच असताना, त्यांना त्यांच्या शाळेबद्दल विचारा. काही बोलले नाहीत तरी विचारलंत हे त्यांच्या लक्षात राहील.

पण वचनाचा अर्थ ते लावतात तसा नाही, हे मी ठामपणे लिहिते. ज्या प्रेषित पौलाने गलतीकरांना पत्रात ते लिहिलं, त्यालाच बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या एकविसाव्या-बाविसाव्या अध्यायांत बघा. यरुशलेमात दंगल उसळली आहे. पौल सरदाराशी हेल्लेणी भाषेत बोलतो आणि सांगतो, मी यहूदी आहे, तार्सचा. मग पायऱ्यांवर उभा राहून जमावाशी इब्री (हिब्रू) भाषेत बोलतो, आणि ती ऐकताच लोक शांत होतात. थोड्या वेळाने फटके मारायला बांधतात तेव्हा म्हणतो, मी जन्मापासून रोमी नागरिक आहे. एका दिवसात तीन ओळखी, आणि एकीसाठीही तो देवाची क्षमा मागत नाही. ‘यहूदी नाही नि हेल्लेणी नाही’ म्हणजे कुणी वरचा नाही, कुणी खालचा नाही. आपापली भाषा आणि घर पुसून टाका, असं पौलाने कुठे लिहिलंय?

त्याच पुस्तकाचा सहावा अध्याय तर तुमच्या घरातल्या वादावर थेट बोलतो. पहिल्याच मंडळीत तक्रार आली की रोजच्या वाटपात हेल्लेणी भाषा बोलणाऱ्या विधवांना डावललं जातंय. म्हणजे भाषेवरून भेद, तोही प्रेषितांच्या डोळ्यांदेखत. प्रेषितांनी ‘आपण सगळे एकच, असले विषय काढू नका’ असं सांगितलं नाही. त्यांनी सात जण निवडायला लावले, आणि त्या सातांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, नीकानोर, तीमोन… सगळी हेल्लेणी वळणाची. ज्यांच्यावर अन्याय होत होता त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप दिलं. हा अध्याय यजमानांबरोबर शांतपणे वाचा. वाद घालू नका, फक्त वाचा.

तरुण संघाच्या पुढाऱ्यांशी बोलायचं ते तुम्ही दोघांनी, लेकीने नाही. पंधरा वर्षांच्या मुलीवर मोठ्यांना शहाणं करायची जबाबदारी टाकू नये. उपासना संपल्यावर घाईघाईत नको, वेळ मागून भेटा. सरळ सांगा: ‘आमचं कुटुंब पाच पिढ्यांचं ख्रिस्ती आहे. त्या प्रश्नाने आमची मुलगी सगळ्यांपुढे ओशाळली. तिला कुणाची प्रतिनिधी म्हणून उभं करू नका. तिला तिच्या प्रार्थनेबद्दल विचारा, गिटारबद्दल विचारा, इतर मुलांना जे विचारता ते विचारा.’ मग विल्यम्स कॉलेजची आणि नगरची गोष्ट सांगा. माणूस भला असेल तर त्याला वाईट वाटेल आणि पुढच्या वेळी तो अभ्यास करून येईल. ‘आम्ही तर रंग बघतच नाही’ असं म्हणून त्याने विषय मिटवला, आणि मंडळीच्या पाळकांनीही तेच केलं, तर मात्र मी म्हणेन की दुसरी मंडळी शोधायला लागा. माणसं प्रेमळ असतात आणि तरीही एखाद्या मुलीला दर रविवारी परकं वाटायला लावतात, दोन्ही एकदम खरं असू शकतं. पण आधी बोला. न बोलता निघून गेलात तर लेकीला कळेल एवढंच, की आपल्याबद्दल बोलायची सोय नाही.

भिंतीवरच्या चित्राकडेही एकदा बघा. लांब तपकिरी केस, उजळ चेहरा, वर पाहणारा येशू. ते चित्र शिकागोच्या वॉर्नर सालमन यांनी १९४० साली काढलं, त्याच्या कोट्यवधी प्रती निघाल्या आणि एक आपल्या नगरच्या घरातही लागली. आजी-आजोबांनी त्याच्याकडे बघून प्रार्थना केल्या आहेत, ते उतरवा असं मी म्हणत नाही. एवढंच सांगा की ते एका अमेरिकन चित्रकाराने काढलं आहे, आणि गालीलातला सुतार दिसायला त्याच्यापेक्षा तिच्याच जास्त जवळचा असणार.

आता टिळक आणि रमाबाई. दोघांनीही तुमच्या लेकीची लढाई लढली आहे, म्हणून ते हवेत. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. ज्या सिस्टरांकडे त्या राहत होत्या त्यांच्यावर त्यांचं प्रेम होतं, तरी त्यांनी पत्रांतून कडाडून वाद घातला. जेवण शाकाहारीच ठेवलं. क्रुसावर लॅटिन शब्द कशाला, माझ्या लोकांना कळणारी संस्कृत का नको, असं विचारलं. सिस्टरांना हा अहंकार वाटला. रमाबाई बधल्या नाहीत, आणि प्रभूला सोडूनही गेल्या नाहीत. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि मूळ इब्री आणि हेल्लेणी भाषांवरून सबंध पवित्र शास्त्र मराठीत आणलं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांची भजनं आपण पेटी-तबल्यावर, झांजा घेऊन म्हणतो, ती त्यामुळेच अभंगासारखी वाटतात. गिटार वाजवणाऱ्या मुलीला ही भजनं म्हणायला लावू नका; त्यातलं एखादं गिटारवर बसवून दे, असं सांगा. त्यात तिचं डोकं लागेल.

मराठी उपासनेची जबरदस्ती नको, याचं कारणही हेच. तिथे तिला फक्त बसायचं असतं. मोठी माणसं कापसाच्या भावाबद्दल आणि गावच्या मंडळीतल्या भांडणांबद्दल बोलतात, आणि ती फोन बघत बसते. तिला काम द्या. एक गीत बसवणं, लहान मुलांना शाब्बाथ शाळेत गोष्ट सांगणं, भले इंग्रजीत. आजीच्या पानावरच्या नोंदी नीट टाइप करून सगळ्यांना वाचून दाखवणं. आणि दोन-तीन महिने ती आली नाही तर राहू दे. जीन फिनी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८९ साली किशोरवयीन मुलांचा अभ्यास मांडला. त्यांचं म्हणणं, अल्पसंख्य समाजातली मुलं आधी आपली ओळख फारसा विचार न करता बाळगतात, मग शोधाशोध करतात, आणि मगच ती खऱ्या अर्थाने आपली म्हणतात. मधल्या काळात मुलं दूर जातात, चिडतात, प्रश्न विचारतात. तुमची लेक नेमकी तिथे आहे. जेवताना जात विचारणारी मुलगी दूर गेलेली नाही, ती खोदते आहे. तरी जेवण, झोप, मैत्रिणी, सगळंच तुटायला लागलं, तर शाळेच्या समुपदेशकांकडे जायला उशीर करू नका.

दिवाळीबद्दल थोडक्यात. रांगोळी, नाच, फराळ यांत तिने भाग घ्यायला माझी हरकत नाही. पूजेच्या वेळी बाजूला उभं राहायचं असेल तर ते नम्रपणे सांगता येतं. पण याचा निर्णय तुमच्या घराने घ्यावा, मैत्रिणींच्या परीक्षेत पास व्हायला म्हणून नको. त्याऐवजी डिसेंबरात आपला फराळ शाळेत जाऊ दे. नाताळच्या करंज्या तिच्याकडून करून घ्या. सुकं खोबरं ती परतेल, वेलची कुटेल, पारी लाटेल, कातण्याने कड कापताना दोन-चार फुटतील. आजीचं प्रमाण फोनवर विचारून घ्या. डबा उघडल्यावर मैत्रीण म्हणेल, ‘हे तर दिवाळीचं!’ आणि लेक म्हणेल, ‘आमच्याकडे नाताळचं.’ तिला यापुढे काही समजावून सांगावं लागणार नाही. आणि कुणी अजूनही म्हणालं की मराठी माणूस ख्रिस्ती कसा, तर वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, हे तिला ठाऊक असू दे. ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून त्यांना विरोधही झाला होता. हेही तिला सांगा. हा प्रश्न न्यू जर्सीतच विचारतात असं नाही.

शेवटची सूचना, आणि ही मला मनापासून करायची आहे. एका रविवारी तिला फिलाडेल्फियाला न्या. एडिसनहून गाडीने दीडेक तास. तिथे मदर बेथेल नावाची कृष्णवर्णीयांची मंडळी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्या शहरातल्या एका गोऱ्या मंडळीत प्रार्थनेला गुडघे टेकलेल्या काळ्या माणसांना मध्येच उठवलं, ही तुमची जागा नाही म्हणून. ती माणसं बाहेर पडली. त्यांतले रिचर्ड ॲलन जन्माने गुलाम होते, स्वतःची किंमत मोजून सुटलेले. त्यांनी १७९४ साली स्वतःची मंडळी उभी केली आणि १८१६ साली त्यातून आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल हा सबंध पंथ निघाला. त्यांची कबर आणि लहानसं संग्रहालय त्याच इमारतीत तळघरात आहे. तिथल्या उपासनेत बसा, नंतर माणसांशी बोला. अमेरिकेत गोरी नसलेली मुलं ‘आपण कोण आणि देव कुणाचा’ हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारत आली आहेत, आणि तिथल्या म्हाताऱ्या बाया त्याचं उत्तर अंगावर वागवतात. तिच्या शाळेत कोरियन मंडळीतली एखादी मैत्रीण असेल तर तिच्या घरीही एकदा पाठवा. त्या मुलीही आजीची भाषा आणि आपली इंग्रजी यांच्यात दर रविवारी ये-जा करतात. आपणच एकटी आहोत असं तिला वाटतंय, ते असं प्रत्यक्ष भेटूनच जाईल.

क्रम असा ठेवा: आधी यजमानांशी बोलणं, मग आजीचा कॉल, मग जातीच्या प्रश्नाचं उत्तर, तिघं मिळून. पुढाऱ्यांची भेट त्याच महिन्यात उरकून घ्या, ती लांबवू नका. करंज्यांना डिसेंबरपर्यंत वेळ आहे. आणि पुढचं पत्र लेकीलाच लिहायचं असेल तर लिहू दे. इंग्रजीत लिहिलं तरी चालेल, मी मराठीत उत्तर देईन, ते तुम्ही तिला वाचून दाखवा.